फाट्याचे गाव न गिळिल्याची हकीकत

अंक थोर, अंकांहून बेरीज थोर, आणि बेरजेहून थोर ती बेरीज पुन्हा तपासणारी नजर, हे प्रथम ध्यानी आणून, गणना खात्याचे दप्तरी जे जे खलिते, नकाशे, टाचण्या आणि चहाचे डाग शाबूत राहिले ते सर्व रुजू घालून ही हकीकत लिहिली असे. कोणी म्हणेल, शहरांची यादी ती काय आणि तीत लढाई ती कसली? ऐसियास उत्तर की, तलवारीने मुलूख घेणे जुने जाहले. हल्ली मुलूख व्याख्येने घेतात, आणि व्याख्येचा वार बसला म्हणजे रक्त येत नाही, नुसते गाव नाहीसे होते. सबब सावधचित्ते ऐकावे.

साल मजकुरी तमाम देशाची शिरगणती तडीस गेली. घरोघर माणसे मोजिली, पाळण्यातली मोजिली, खाटेवरची मोजिली, आणि आकड्यांची गाठोडी राजधानीत गणना खात्याचे तिसऱ्या मजल्यावर दाखल जाहली. त्या मजल्यावर खिडकीलगतच्या मेजापाशी अखंडित-तक्ते-अलंकृत बेरीजबाई यांचे ठाणे. नाव त्यांस दुसरे होते, परंतु एकोणीस वर्षे तक्ते मांडिता मांडिता खात्यात सर्व त्यांस बेरीजबाईच म्हणो लागले, आणि त्याही त्या नावास ओ देऊ लागल्या. अंगकाठी बेताची, चष्मा दोरीने गळ्यात, जिना चढताना पायऱ्या मोजण्याची खोड, आणि चुकीचा आकडा नजरेस पडला म्हणजे घशात काटा अडकल्याप्रमाणे तळमळ. त्यांस खात्याचे मुख्य, ज्यांस सर्व मोठेसाहेब म्हणत, त्यांनी सोमवारी हुकूम फर्माविला की, देशातील तमाम शहरांचा लोकसंख्येवारी तक्ता, थोरापासून धाकट्यापर्यंत, शुक्रवारी दोन प्रहरी बारा वाजता छापखान्यात दाखल व्हावा, उजूर चालणार नाही.

आता शहर म्हणजे काय, हा सवाल वरवर सोपा. पालिकेची हद्द नकाशावर आखलेली असते तेच शहर, असे कोणीही म्हणेल. परंतु घरे बांधणारे लोक नकाशास विचारून बांधीत नाहीत. हद्दीपलीकडे बांधीत सुटतात, आणि हद्दीअलीकडे गवत वाढत राहते. म्हणोन खात्याने हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात कायदा बांधून दिला होता, तो येणेप्रमाणे: इमारतीस इमारत जेथवर लागून आहे तेथवर एक शहर. दोन इमारतींमध्ये दोनशे मीटरांहून अधिक मोकळी जागा पडली की शहर तेथे तुटले. मात्र नदी, बाग, खेळाचे मैदान ऐसी सर्वांच्या वापराची जागा मध्ये आली तर ती अंतरात धरू नये. इमारत तीच, जीस छप्पर आहे आणि जीत माणूस राहतो अथवा काम करितो. सर्व काही गणनेच्या दिवशी जैसे होते तैसे धरावे. आणि दहा हजारांवर वस्ती असेल तेच ठिकाण तक्त्यात चढावे. त्याखालचे ते खेडे, त्याची यादी वेगळी, आणि ती कोणी वाचीत नाही.

तक्त्यात पहिले नाव राजधानीचे, त्यास तोड नव्हती. तंटा होता तो दुसऱ्या नावाचा. बंदराचे शहर आज चाळीस वर्षे दुसऱ्या गादीवर बसले होते. हल्लीची वस्ती आठ लक्ष एकेचाळीस हजार दोनशे सहा. तिसरे टेकडीचे शहर, आठ लक्ष बत्तीस हजार नऊशे पन्नास. म्हणजे उणीव आठ हजारांवर काही माणसांची. आणि इतकी माणसे शुक्रवारपर्यंत जन्मास घालणे कोणत्याही पालिकेच्या अखत्यारात नाही. परंतु टेकडीच्या शहराचे पूर्वेस, हाकेच्या अंतरावर, फाट्याचे गाव नामे छोटे ठिकाण होते, वस्ती अकरा हजार तीनशे चाळीस. ते गाव शहरास जोडलेले ठरते तर टेकडीवाले बंदरवाल्यांचे उरावर बसते. हा मनसुबा टेकडीचे नगराध्यक्षांचे मनात पक्का ठसला. या नगराध्यक्षांस उद्घाटनांचा शौक दांडगा. खिशात कात्री बाळगून हिंडत, म्हणोन रयत त्यांस फीतकापेसाहेब म्हणे.

आणि फाट्याच्या गावाची नगराध्यक्षा कोण? तर बेरीजबाईंची सख्खी धाकटी नणंद.

या नणंदबाईंचे दुःख ऐसे की, दहा वर्षांमागील गणतीत गावची वस्ती नऊ हजार आठशे सत्तर भरली आणि एकशे तीस माणसे कमी पडल्याने गावचे नाव तक्त्यात चढता चढता राहिले. ते दिवशी नणंदबाईंनी पण केला, आणि तेथून पुढे गावात कोणाकडे मूल जन्मले की खाशा जातीने स्वहस्ते विणलेले टोपडे घेऊन जात, बाळाचे मुख पाहत, आईची विचारपूस करीत, आणि निघताना बापाचे कानी म्हणत की, "एक झालं, आता एकशे एकोणतीस राहिले." कोणी गाव सोडून जातो म्हटले तर त्याचे घरी तीन तीन वेळा जाऊन बसत. ऐसे दहा वर्षांत टोपडे टोपडे करून अकरा हजारांवर मजल गेली, आणि आता प्रथमच गावचे नाव छापून यावयाचे, तो शेजारच्या शहराने आ वासला.

सोमवारी फीतकापेसाहेबांचा खलिता खात्यात आला की, आमचे शहर आणि फाट्याचे गाव यांत आता अंतर उरले नाही, इमारतीस इमारत भिडली, सबब दोन्ही एकच लिहावी. मोठेसाहेबांनी तो कागद बेरीजबाईंचे मेजावर सरकविला. त्याच सांजेस घरी नणंदबाईंचा फोन आला.

"वहिनी, तुम्ही घरच्या म्हणून सांगते. आमचं नाव पुसलंत ना, तर मी तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"वन्सं, मी अजून चाक बाहेर काढलं नाही. मोजू तरी द्या."

"मोजायचंय काय त्यात? दोनशे चौदा मीटर आहे. मी स्वतः पावलांनी मोजलंय."

"तुमची पावलं रागात लांब पडतात," बाई बोलिल्या, आणि फोन यजमानांचे हाती दिला. यजमान म्हणजे नणंदबाईंचे थोरले बंधू. एकीकडे बहीण, दुसरीकडे बायको, ऐसा पेच पाहून त्यांनी फोनात तीन वेळा "हं" म्हटले, एकदा "बघू" म्हटले, आणि भाजी चिरावयास निघून गेले. ऐसी तटस्थता मोठमोठ्या राज्यांस साधली नाही.

मंगळवारी सकाळी बेरीजबाईंची स्वारी कूच करती जाहली. आयुधे बरोबर घेतली ती: जुना नकाशा, हिरवे पुस्तक, पेन्सिली दोन, पोळीचा डबा, आणि मोजणीचे चाक. हे चाक लांब काठीस लाविलेले, जमिनीवरून ढकलीत न्यावे, आणि मीटर पुरा जाहला की टक् ऐसा आवाज होऊन डबीतला आकडा एकाने पुढे सरके. आगगाडीत सहप्रवाशांनी ते काय म्हणोन विचारिता बाईंनी खरे ते सांगितले, आणि पुढे कोणी काही विचारिले नाही.

रणभूमी म्हणजे काय तर साधा डांबरी रस्ता, दोहो बाजूंस शेते, उजवे हाताचे शेतात कोबी. जुन्या नकाशाप्रमाणे शहराची शेवटची इमारत ती टायरचे पंक्चर काढण्याचे दुकान, आणि फाट्याच्या गावाची पहिली इमारत ती बसथांब्याची लाकडी चौकशी-खोली. मधले अंतर दोनशे चौदा. परंतु बाई जाऊन पाहतात तो पंक्चरवाल्यापुढे बावीस मीटरांवर एक नवे कोरे पत्र्याचे सार्वजनिक शौचालय उभे! छप्पर होते, भिंती होत्या, आणि दाराशी स्टुलावर एक रखवालदार बसविला होता, म्हणजे माणूस काम करितो हेही कलम भरले. फीतकापेसाहेब स्वतः दहा-बारा मानकऱ्यांनिशी हजर होते. बाईंनी शौचालयापासून चाक सोडिले, आणि टक् टक् करीत चौकशी-खोलीपावेतो गेल्या, तो डबीत आकडा एकशे ब्याण्णव. मानकऱ्यांत आनंदाची एकच गर्दी उडाली. साहेबांनी कागद पुढे केला, त्यावर शिक्क्यानिशी लिहिले होते की, सदरहू इमारत गणनेच्या पूर्वीपासून उभी आहे.

बाईंनी कागद वाचिला, चष्मा पुसला, पुन्हा वाचिला. गणना होऊन तीन महिने लोटले होते, आणि शौचालयाचे पायापाशी ताजी माती निघाली होती. परंतु मातीची साक्ष दप्तरी चालत नाही. मग बाई रखवालदारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, इथं कधीपासून कामाला?"

रखवालदाराने साहेबांकडे पाहिले. "पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे हे उघडल्यापासून."

"आणि उघडलं कधी?"

"शनिवारी की!" रखवालदार खुलला. "साहेबांनीच फीत कापली. भाषण केलं, आणि पहिले साहेबच आत गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

फीतकापेसाहेबांचे मुख टोमॅटोसारखे जाहले. मानकरी कोबीकडे पाहू लागले. बाईंनी पेन्सिलीने कागदावर एक बारीक आडवी रेघ मारिली, इतकेच. तो रखवालदार स्टुलावरून उठला आणि हळूच म्हणाला, "बाई, माझं काही चुकलं का? सहा महिन्यांनी काम मिळालंय मला." हे ऐकोन बाईंनी पेन्सिल कानावर खोचिली. आकडा खोडिता येतो, माणूस कैसा खोडावा? तेव्हां त्या सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलिल्या की, अंतरासाठी ही इमारत धरिता येत नाही, परंतु शौचालय चांगले आहे, स्वच्छ आहे, आणि पंक्चरवाल्यापासून बसथांब्यापर्यंत दुसरे नाही, तरी साहेबांनी ते चालू ठेविल्यास रयत दुवा देईल. इतक्यात खरोखरच तीन वाटसरू दाराशी रांग लावून उभे राहिले, त्यातला एक तर पायावर पाय घालून. रांगेदेखत साहेबांस नाही कसे म्हणवेल? शौचालय कायम, रखवालदारही कायम, ऐसा हुकूम त्यांस तेथेच सोडणे भाग पडले.

परंतु गोष्ट येथे मिटती तर बखर कशास लिहावी? इकडे चाक चालत असता तिकडे नणंदबाईंस खबर लागली होती की शौचालयामुळे अंतर एकशे ब्याण्णव भरले. पुढील खुलासा ऐकावयास त्या थांबल्या नाहीत. त्यांनी क्रेन बोलाविली, चौकशी-खोलीस साखळ्या बांधिल्या, आणि ती लाकडी खोली अलगद वर उचलून गावाचे आतील बाजूस तीस मीटर मागे न्यावयाचा हुकूम दिला. गडबडीत एक गोष्ट ध्यानी राहिली नाही, ती ही की आत चौकशी कारकून होता. हा मनुष्य कामास मोठा चोख. खोली जमिनीपासून दोन पुरुष उंच अधांतरी झुलत असता खिडकीतून त्याचा आवाज खणखणीत आला:

"पाच दहाची गाडी वीस मिनिटं उशिरा! पाच दहाची वीस मिनिटं उशिरा!"

खालील उतारूंनी माना वर करून ते ऐकून घेतले आणि पिशव्या खाली ठेविल्या. क्रेनने खोली मागे नेऊन टेकविली, कारकून बाहेर आला नाही, त्याची वेळ भरली नव्हती.

नणंदबाई विजयी मुद्रेने पुढे आल्या. "घ्या, वहिनी! शौचालय धरलंत तरी आता दोनशे बावीस. मोजा!"

बाईंनी मोजिले, दोनशे बावीसच भरले, आणि मोजून तेही खोडिले.

"माझंही खोडलं?"

"दोन्ही खोडलं, वन्सं. गणनेच्या दिवशी खोली जिथं होती तिथून धरायचं. दोनशे चौदा."

"पण ते तर माझ्याच बाजूनं आहे!"

"हो. तरी तुमची क्रेन त्यात येत नाही."

नणंदबाईंस हर्षही जाहला आणि रागही आला, आणि दोहोंपैकी कोणता आधी दाखवावा हे न उमजून त्यांनी बाईंस चहास थांबा म्हटले नाही. बाई गाडीत बसून राजधानीस परतल्या. वाटेत त्यांचे मनात आले की, एकोणीस वर्षे आपण माणसे मोजितो, आणि आज प्रथमच कोणी आपल्या आकड्यावर एवढे चिडले. म्हणजे कोणी तो वाचणार आहे. हे सुख म्हणावे की काय, त्यांस कळेना.

बुधवारी दोन हल्ले एकदम आले.

पहिला फीतकापेसाहेबांचा. त्यांनी हातावर हात ठेवून बसून न राहता सकाळीच हिरवे पुस्तक मागवून वाचिले, आणि खेळाच्या मैदानाचे कलम त्यांचे हाती लागले. मधली जागा मैदान ठरली की अंतरच उरत नाही! लागलीच पालिकेचे अकरा कारकून, ज्यांची पोटे सदऱ्याचे गुंडीस जुमानीत नव्हती, त्यांस अर्ध्या चड्ड्या नेसवून कोबीचे शेतात उतरविले, दोहो टोकांस बांबूचे गोल रोविले, आणि खात्यास तार धाडिली की, येथे अनादिकाळापासून फुटबॉल चालतो, येऊन पाहावे. बाईंची स्वारी पुन्हा निघाली. जाऊन पाहतात तो खेळ बंद पडलेला. शेताची मालकीण, सत्तरीची कोबीवाली आजी, बांधावर पाय पसरून बसलेली, मांडीवर चेंडू, हाती विळा. आणि अकरा वीर समोर हात जोडून उभे.

"आजी, हे खेळाचं मैदान आहे का?" बाईंनी रीतसर विचारिले.

"मैदान?" आजी कडाडली. "मग मी काय इथं तीस वर्षं गोल मारतेय? तो तिकडचा जाड्या बघ, सरळ माझ्या गड्ड्यावर बसलाय पडून. दोन तास झाले, उठायचं नाव नाही!"

जो निर्दिष्ट जाहला तो कारकून कोबीतून म्हणाला, "आजी, पाय मुरगळलाय हो."

"मुरगळेल नाही तर काय! कोबीत कोण पळतं?"

बाईंनी गड्डे मोजिले, चिरडलेले एकवीस, शाबूत चार हजारांवर. आणि लिहिले: शेत, खाजगी, चालू पीक. आजीने चेंडू परत दिला नाही. तो अद्याप तिचेकडे आहे.

दुसरा हल्ला बंदराच्या शहराकडून. तेथील नगराध्यक्ष मोठे आवाजी पुरुष. त्यांनी कुजबुज केली तरी शेजारच्या मजल्यावर ऐकू जाई, म्हणोन त्यांस भोंगेसाहेब नाव पडले. टेकडीवाले चाक फिरवून वरचढ होऊ पाहतात ही खबर लागताच त्यांनी मोठेसाहेबांस लिहिले की, एका शहरास चाक लाविले तर हरएक शहरास तेच चाक, तेच पुस्तक, तीच बाई लावावी. आम्ही इन्साफास भीत नाही. खाली सही इतकी थोर की पान पुरले नाही. मोठेसाहेबांस हे पत्र फार आवडले, कारण त्यांची सासुरवाडी बंदराचे शहरात. त्यांनी त्यावर 'मंजूर' लिहून बाईंकडे धाडिले.

यास्तव गुरुवारी बाईंची स्वारी बंदरावर गेली. भोंगेसाहेबांनी स्टेशनात हार आणविला, बाईंनी तो चाकाचे काठीस अडकविला आणि कामास लागल्या. शहराचे तीन अंगांस काही वाद निघाला नाही, घराला घर, गल्लीला गल्ली. परंतु उत्तरेस मिठागरे लागली. मिठागरांपलीकडे शहराचाच एक मोहल्ला, वस्ती सव्वीस हजार चारशे पंधरा. जुन्या नकाशावर मिठागरांचे मधून मजुरांच्या खोल्यांची ओळ दाखविली होती, तीच शहरास आणि मोहल्ल्यास जोडणारा धागा. बाईंनी नकाशा उघडिला, समोर पाहिले, पुन्हा नकाशा पाहिला. ओळ कोठेच नव्हती. मिठाने खाऊन, वाऱ्याने ढकलून, खोल्या पाच-सात वर्षांमागेच जमीनदोस्त जाहल्या होत्या, मजूर पलीकडे राहावयास गेले होते, आणि उरली होती ती एक पहारेकऱ्याची चौकी, तीस छप्पर नव्हते आणि आत एक बगळा उभा होता.

"इथं कोणी काम करतं?" बाईंनी विचारिले.

"करतो ना! पहारेकरी आहे!" भोंगेसाहेब गरजले, आणि बगळा उडून गेला.

चाक चालले. टक् टक् करीत शंभर जाहले, दोनशे जाहले, भोंगेसाहेबांचा आवाज कमी कमी होत गेला. चारशेस ते नुसते श्वास घेत होते. आणि पलीकडल्या पहिल्या घराचे ओट्यास चाक लागले तेव्हां डबीत सहाशे एकेचाळीस. मिठागर खाजगी, त्यात मीठ पिकते, बाग नव्हे, मैदान नव्हे. पुस्तकाप्रमाणे शहर तुटले. बाईंनी तेथेच ओट्यावर बसून वजाबाकी केली: बंदर आठ लक्ष चौदा हजार सातशे एक्याण्णव. टेकडी एकटीच, फाट्याचे गाव न गिळिता, अठरा हजारांनी पुढे!

पेन्सिल हातातून गळून ओट्याखाली गेली. घरातील बाईने ती काढून दिली आणि विचारिले, "काय झालं हो?"

"तुमचं वेगळं शहर झालं," बेरीजबाई बोलिल्या.

ती बाई घटकाभर विचार करिती जाहली. "मग पाणी आता रोज येईल का?" म्हणाली. या सवालाचे उत्तर हिरव्या पुस्तकात नव्हते. बाईंनी प्रामाणिकपणे माहीत नाही म्हणोन सांगितले.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता खाशी लढाई, म्हणजे जी सर्वांत अवघड ती, मोठेसाहेबांचे खोलीत जाहली. बाईंनी तक्ता पुढे ठेविला. साहेबांनी दुसरे नाव वाचिले, तिसरे वाचिले, आणि डोकीचे केस, होते तेवढे, पाठीमागे सारिले. त्यांनी दरवाजा लाविला. त्यांनी आवाज उतरविला. त्यांस सासरेबुवा दिसू लागले होते.

"बाई, चाळीस वर्षं बंदर दोन नंबरला आहे. मिठागराचं या वेळी राहू द्या ना. पुढच्या गणतीत बघू."

"राहू देते, साहेब. मग कोबीचं शेतही राहू द्यावं लागेल, आणि शौचालयही धरावं लागेल."

"लोक काय म्हणतील? बाईनं नणंदेचं गाव राखलं म्हणतील."

आता हा बाण वर्मी लागला. खरे सांगावे तर गेले चार दिवस बाईंस हीच एक धास्ती होती. रात्री नीज येत नव्हती, स्वयंपाकात मीठ दोनदा पडत होते, आणि आपले मन नणंदेकडे झुकले तर नाही म्हणोन त्यांनी दोनशे चौदाचे माप एकदा नव्हे, पाच वेळा घेतले होते. मग त्यांनी पाचही मापांचा कागद मेजावर ठेविला आणि बोलिल्या:

"म्हणू देत. आणि साहेबांचं सासर बुडवलं असंही म्हणतील. दोन्ही एकदमच म्हणू देत, म्हणजे कोणाच्या बाजूनं केलं ते त्यांचं त्यांनाच कळणार नाही. पण साहेब, तेच चाक सगळीकडे लावा असं बंदराच्याच साहेबांनी लिहिलंय, आणि त्यावर 'मंजूर' तुमच्या हातचं आहे."

साहेबांनी आपले अक्षर निरखिले. अक्षर त्यांचेच होते. भिंतीवरचे घड्याळ चालत राहिले. बाहेर चपराशी छापखान्याची पिशवी घेऊन दोनदा डोकावून गेला. शेवटी साहेबांनी लेखणी उचलिली, आणि ज्या हाताने सासऱ्यांस दर वर्षी नमस्काराचे पत्र लिहीत त्याच हाताने तक्त्याखाली सही केली. करून म्हणाले की, आठवडाभर आपण दौऱ्यावर आहोत ऐसे घरी आणि दारी सांगावे. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी तक्ता छापखान्यात दाखल जाहला.

दुसरे दिवशी तो प्रसिद्ध होताच हलकल्लोळ माजला. फीतकापेसाहेबांस न गिळिता पोट भरल्याचे आश्चर्य वाटून त्यांनी दुसऱ्या क्रमांकाची पाटी वेशीवर लाविली आणि तीवर फीत बांधून कापिली. भोंगेसाहेब तीन दिवस बोलिले नाहीत. बंदरात इतकी शांतता जाहली की लोकांस लाटांचा आवाज नवा वाटला. मिठागरापलीकडला मोहल्ला अकस्मात देशातील अडतिसावे शहर जाहला, तेथे कोणीतरी वाजंत्री आणिली, आणि पाणी कधी येणार हा अर्ज थेट राजधानीस रवाना केला, कारण आता तो वेगळा पाठविता येत होता.

रविवारी बेरीजबाई छापील तक्ता घेऊन फाट्याचे गावी गेल्या. यजमानही बरोबर गेले, कारण आता कोणता पक्ष जिंकला ते ठरले होते. नणंदबाईंनी दार उघडिले, या म्हटले, बसा म्हटले, परंतु कपाळाची आठी कायम. त्यांनी तक्ता घेतला आणि वरून बोट खाली नेऊ लागल्या. पहिले पान संपले, दुसरे लागले. अडतिसाव्यावर मिठागरवाल्यांचे नाव पाहून "काल जन्मले आणि बघा कुठं जाऊन बसले" म्हणोन पुटपुटल्या. बोट खाली खाली जात राहिले, आणि तिसऱ्या पानाचे अगदी तळाशी, चौऱ्याहत्तराव्या ओळीत, थांबले.

"हे शेवटचं आहे?"

"शेवटचंच, वन्सं," बाई हळूच बोलिल्या.

"म्हणजे शहरात गेलो असतो तर दुसरे असतो. आणि एवढी क्रेन आणून, भांडून, चौऱ्याहत्तरावे."

बाईंनी मान खाली घातली. यजमानांनी "हं" म्हटले. नणंदबाईंनी तक्ता उजेडाकडे धरिला आणि गावचे नाव पुन्हा वाचिले, मग आकडा वाचिला, अकरा हजार तीनशे चाळीस, मग आकड्यावरून बोट फिरविले, जैसे एकेकाचे डोकीवर टोपडे चढवीत आहेत.

"आमच्याखाली कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"मग बरोबर," नणंदबाई ताठ बसल्या. "वरचे सगळे आमच्यावर उभे आहेत. राजधानीसुद्धा. वहिनी, चहात साखर किती घालू?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडले ते: कोबीचे गड्डे एकवीस, चेंडू एक, कारकुनाचा पाय एक, शिक्क्याचा कागद एक. मुलूख कोणाचा गेला नाही, एक शहर नवे निर्माण जाहले, एक गाव आपल्या नावानिशी कायम राहिले. बेरीजबाईंस साखर दोन चमचे मिळाली. चौऱ्याहत्तर ओळींचा तक्ता, पाने तीन, बेरीज तपासिली, बरोबर आहे. मुद्रा, सही, आणि दप्तर बंद.